कॅनन १५००डी: ए-प्लस सोडून एव्हीवर या

कॅनन १५००डीच्या वरच्या डायलवर हिरवा ‘ए-प्लस’, म्हणजे पूर्ण ऑटो मोड, असतो आणि बहुतेकांचा कॅमेरा वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. त्या मोडमध्ये फोकस कुठे धरायचा हे कॅमेरा ठरवतो आणि सहसा जवळची वस्तू पकडतो. मग नवरीचा चेहरा धूसर आणि पुढे धरलेला हार मात्र लख्ख. अंधार वाटला की फ्लॅशही आपोआप उघडतो. यातून सुटायला अर्धा तास पुरतो.

आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि बाजूचं छोटं चाक आतले नऊ फोकस पॉइंट रेखीव दिसेपर्यंत फिरवा. फोटोवर याचा परिणाम होत नाही, पण ते जुळलेलं नसेल तर चांगली फ्रेमही धूसर वाटते. मग मेनूतून ‘कार्डशिवाय शटर’ हा पर्याय बंद करा. नाहीतर कार्ड घरी विसरलं तरी कॅमेरा आनंदाने क्लिक करत राहतो. इमेज क्वालिटी रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) अधिक मोठा जेपेग ठेवा. ट्यूबलाइटखाली बिघडलेला रंग रॉमध्ये नंतर नीट करता येतो.

आता डायल ‘एव्ही’वर. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र (आकडा जितका लहान तितकं ते मोठं), तुम्ही ठरवायचं; शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहील, ते कॅमेरा ठरवेल. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ३२०० करा. ६४०० पर्यंत जाता येतं, पण सावल्यांत दाणे स्पष्ट दिसतात. फोकस ‘वन शॉट’वर (एकदा धरला की तिथेच थांबणारा) आणि पॉइंट फक्त मधला निवडा, कारण नऊपैकी तोच एक क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, आहे आणि कमी प्रकाशात तोच भरवशाचा. डोळ्यावर पॉइंट आणा, शटर अर्धं दाबून धरा, फ्रेम जुळवा, मग पूर्ण दाबा. फोटो उजळ किंवा गडद करायचा असेल तर मागचं ‘एव्ही’चं बटण दाबून धरून वरचं चाक फिरवा. पांढऱ्या कपड्यांचा माणूस करडा दिसत असेल तर अधिक एकपर्यंत न्या.

एव्हीची खोड इथे लक्षात घ्यायची. घरात सोबतची १८-५५ लेन्स ५५ मिमीवर, म्हणजे पूर्ण झूमवर, असली की ॲपर्चर ५.६ च्या पुढे उघडत नाही आणि कॅमेरा शटर मंद करतो. लेन्समधलं आयएस (इमेज स्टॅबिलायझर) हाताची थरथर सावरतं, पळणारं पोर थांबवत नाही. तेव्हा डायल ‘टीव्ही’वर घ्या (इथे शटर स्पीड तुम्ही ठरवता), शटर १/२५० सेकंद ठेवा आणि फोकस ‘एआय सर्वो’ करा, म्हणजे तो हलत्या माणसामागे सरकत राहतो. एव्हीत फ्लॅश वापरताना अंधारात शटर असंच रेंगाळतं. कस्टम फंक्शनमध्ये एव्हीसाठी फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबतचा शटर स्पीड) १/२०० वर बांधून टाका.

घरातले फोटो खरंच सुधारायचे असतील तर नवी बॉडी नको, ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्स घ्या. लहान सेन्सरच्या १.६ क्रॉपमुळे ती ८० मिमीसारखी चालते, म्हणजे पोर्ट्रेटला उत्तम, छोट्या खोलीत ग्रुप फोटोला अडचणीची. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून तोंड खाली धरा. १८-५५ ही ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीची) लेन्स आहे, तिची पांढरी खूण बॉडीवरच्या पांढऱ्या चौकोनाला जुळवा. ५० मिमीची लाल खूण लाल ठिपक्याला.

व्हिडिओसाठी हा कॅमेरा विशेष नाही: माइकचं भोक नाही, रेकॉर्डिंग चालू असताना फोकस आपोआप सरकत नाही. स्क्रीनवर बघून फोटो काढतानाही फोकस रेंगाळतो, म्हणून व्ह्यूफाइंडरच वापरा. बॅटरीही जास्त टिकेल.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्सला बुरशी धरते. कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि निळे दाणे गुलाबी झाले की सुकवून घ्या. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. लगेच काढला तर काचेवर वाफ धरते.