प्राचीन ग्रीक टाइप करायला शिकताना

प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं की थोड्याच दिवसांत नोट्स टाइप करायची वेळ येते. बरेच जण तेव्हा शब्द कुठून तरी कॉपी करून चिकटवतात. माझं नवख्यांना कळकळीचं सांगणं आहे की ही सवय लावूच नका. कुठल्या स्वरावर कोणतं चिन्ह आहे, हे बोटांनी प्रत्येक वेळी ठरवावं लागलं की ते लक्षात राहतं. माझे स्वराघाताचे नियम पक्के झाले ते व्याकरणाच्या तक्त्यांपेक्षा टाइप करूनच.

विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत ग्रीक पॉलिटॉनिक, म्हणजे प्राचीन ग्रीकची सगळी चिन्हं देणारा, कीबोर्ड असतोच, फक्त सेटिंगमधून जोडायचा. नुसता ‘ग्रीक’ निवडू नका. ग्रीसने १९८२ साली एकाच स्वराघात-चिन्हाची सोपी पद्धत स्वीकारली आणि तो कीबोर्ड तिच्यासाठी आहे. आपल्याला तीन स्वराघात (ॲक्यूट, ग्रेव्ह आणि सर्कमफ्लेक्स), दोन श्वासचिन्हं, स्वराखालचा आयोटा आणि डायरेसिस म्हणजे स्वरावरची दोन टिंबं, असं सगळं लागतं.

अक्षरं लवकर बसतात. ए वर अल्फा, बी वर बीटा असं बहुतेक ओळखीचंच आहे. थीटा यू वर, ओमेगा व्ही वर, क्साय जे वर, प्साय सी वर आणि शब्दाच्या शेवटी येणारा सिग्मा डब्ल्यू वर, एवढं मुद्दाम घोकावं लागतं. खरी मेहनत चिन्हांची. आधी चिन्हाचं बटण दाबायचं, तेव्हा स्क्रीनवर बहुधा काहीच उमटत नाही, मग स्वर दाबला की दोन्ही एकदम दिसतात. कोणतं चिन्ह कुठे आहे ते प्रत्येक सिस्टिममध्ये थोडं वेगळं असतं, म्हणून ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडून स्वतःचा तक्ता कागदावर काढा आणि मॉनिटरशेजारी लावा.

संबंधी सर्वनामाचं चतुर्थी एकवचन घ्या. अक्षर एकच, ओमेगा, पण त्यावर ‘ह’चा उच्चार दाखवणारं श्वासचिन्ह, त्यावर सर्कमफ्लेक्स आणि खाली आयोटा. हे रूप न अडखळता टाइप करता येऊ लागलं की बाकी सगळं सोपं वाटतं. बीटा कोडमध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरा-चिन्हांनी ग्रीक लिहायच्या पद्धतीत, हेच डब्ल्यू, उघडा कंस, बरोबरचं चिन्ह आणि उभी रेघ असं लिहितात. ही पद्धत डेव्हिड पॅकार्ड यांनी १९७०च्या दशकात तयार केली. कॅलिफोर्नियातल्या थेसॉरस लिंग्वाय ग्रेकाय या ग्रीक ग्रंथांच्या डिजिटल संग्रहाने ती उचलली, आणि तिथे शोध घेताना ती आजही उपयोगी पडते. कीबोर्ड बदलायचा कंटाळा असलेल्यांनी ती शिकावीच.

आता शोधाबद्दल, कारण मोठ्या फाइलमध्ये खरा वेळ इथेच जातो. ॲक्यूट असलेल्या अल्फाला युनिकोडमध्ये दोन कोड आहेत, एक आधुनिक ग्रीकच्या विभागातला आणि एक प्राचीन ग्रीकसाठी जोडलेल्या विभागातला. दिसायला ते सारखेच असतात, पण काही प्रोग्रॅम त्यांना वेगळं धरतात, आणि समोर दिसणारा शब्दही ‘सापडला नाही’ म्हणून येतो. सगळा मजकूर एनएफसी स्वरूपात, म्हणजे अशा जुळ्या कोडांऐवजी एकच कोड ठेवणाऱ्या युनिकोडच्या प्रमाण रूपात, आणला की ही अडचण मिटते. शिवाय शब्दाच्या शेवटच्या स्वरावरचा ॲक्यूट, पुढे दुसरा शब्द आला की साधारणपणे ग्रेव्ह होतो, त्यामुळे कोशातलं रूप वाक्यात जसंच्या तसं सापडेल असं धरू नका.

जुन्या फाइल्समध्ये इंग्रजी अक्षरांनाच ग्रीक रूप देणारे फॉन्ट असतात. मराठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टसारखंच हे, फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा होतो. अशा फाइल्स युनिकोडमध्ये उतरवल्याशिवाय पुढे काम करू नका. फॉन्टमध्ये जेंटियम किंवा जीएफएस डिडॉट घ्या, दोन्ही मोफत आहेत. लहान आकारात श्वासचिन्हं एकमेकांसारखी दिसू लागतात, म्हणून मुद्रितशोधन करताना मजकूर नेहमी मोठा करून वाचा.