दंगा करणाऱ्या वर्गाला शिस्त कशी लावावी

सरकारी शाळेला विद्यार्थी निवडून घेता येत नाहीत. दारात आलेले प्रत्येक मूल वर्गात बसते, आणि एखादे मूल डोईजड झाले म्हणून त्याचे नाव कमी करून मोकळे होण्याची सोय शिक्षकाला नसते. म्हणून येथील शिस्तीचा विचार हे मूल उद्याही याच बाकावर असणार आहे, हे धरूनच करावा लागतो.

सुरुवात शिक्षेपासून करू नये. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचे चित्रीकरण करून शिक्षकांच्या वागण्याचा अभ्यास केला. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ज्यांचे वर्ग शांत चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत अशा शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो दंगा सुरू होण्यापूर्वी ते काय करतात यात. चांगल्या शिक्षकाची नजर सगळीकडे असे, एकाला समजावताना दुसरीकडे काय चालले आहे हे त्याला कळे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रेंगाळत नसे.

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक गोंधळ शिकवण्याच्या मध्यात होत नाही. तो तास बदलताना, वह्या वाटताना किंवा गट पाडताना होतो. वह्या गोळा करण्याचेच पाहा. ‘वह्या आणून द्या’ एवढेच म्हटले की चाळीस मुले एकदम उठतात, टेबलापाशी ढकलाढकली होते आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात. त्याऐवजी शेवटच्या बाकावरच्याने वही पुढच्याकडे द्यायची, पुढच्याने आपली वही त्यावर ठेवायची, पहिल्या बाकावरच्याने गठ्ठा टेबलावर आणायचा आणि बाकी कोणी जागचे हलायचे नाही, अशी रीत पहिल्याच आठवड्यात धड्यासारखी शिकवावी आणि दोन-तीनदा करूनही घ्यावी. हा वेळ वाया जातो असे काहींना वाटते. वर्षभरात तो कितीतरी पटींनी वसूल होतो.

नियम चार-पाचच असावेत आणि ‘काय करायचे’ हे सांगणारे असावेत. मात्र ते भिंतीवर लावून काम झाले असे समजू नये. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात नुसते नियम सांगितल्याने मुलांच्या वागण्यात जवळजवळ काहीच बदल झाला नाही. किरकोळ चाळ्यांकडे काणाडोळा आणि योग्य वागण्याची तत्काळ दखल ही जोडी मात्र परिणामकारक ठरली. दखल घेताना मोघम ‘शाब्बास’ पुरत नाही. ‘मी न सांगता तुम्ही पुस्तक उघडून ठेवलेत’ असे नेमके सांगावे. मोठ्या मुलांचे कौतुक चारचौघांत करण्यापेक्षा हळूच केलेले बरे, कारण सगळ्यांसमोरची शाबासकी कित्येकांना शिक्षेहून अवघड वाटते.

एवढे करूनही कोणीतरी तास मोडतोच. मागच्या बाकावरचा मुलगा पट्टीने बाक वाजवत आहे, असे समजू. शिक्षकाने फळ्यापासूनच त्याचे नाव घेऊन खडसावले, तर सगळ्यांच्या माना मागे वळतात आणि मुलापुढे दोनच वाटा उरतात : मुकाट्याने ऐकून हसे करून घेणे किंवा उलट उत्तर देणे. त्याऐवजी शिकवणे न थांबवता त्याच्याजवळ जावे, वहीवर बोट ठेवावे आणि फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणावे, ‘पट्टी दप्तरात ठेव. तिसरे गणित सोडव, मी पाहायला येतो.’ आणि लगेच पुढे निघून जावे. हे निघून जाणे विसरू नये. शिक्षक डोक्यावर उभा राहिला तर तो शरणागतीची वाट पाहतो आहे असे मुलाला वाटते. पाठ वळली की पट्टी बहुधा आत जाते. हळू आवाजातील अशी समज मोठ्या आवाजातील रागावण्यापेक्षा उपयोगी पडते, हे १९७० मधील वर्गप्रयोगांतही दिसले होते.

पट्टी तरीही वाजत राहिली, तर परिणाम लहान, आधीच ठाऊक असलेला आणि न चुकता होणारा असावा : जागा बदलणे, किंवा राहिलेले काम तास संपल्यावर पूर्ण करून घेणे. जे खरोखर करता येणार नाही त्याची धमकी देऊ नये. एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाला शिक्षा करू नये, आणि लेखन हीच शिक्षा करू नये. ज्याला लिहायला शिकवायचे, त्याला लिहिण्याचीच शिसारी आणण्यात काय हशील? मारणे किंवा अपमान करणे तर कोणत्याही सबबीखाली नको. मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरूनच शालेय शिस्त असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील अठ्ठाविसावे कलम सांगते.

तोच मुलगा वारंवार त्रास देत असेल, तर दोन आठवडे एक छोटी नोंदवही ठेवावी. वेळ, आधी काय चालले होते, त्याने काय केले आणि त्यानंतर काय घडले, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्यात. प्रकटवाचनाची पाळी जवळ आली की हा भांडण काढतो आणि मग त्याला बाहेर उभे केले जाते, असे त्यातून दिसले, तर बाहेर काढणे ही त्याच्या दृष्टीने सुटका आहे हे उघड होते. अशा मुलाला शिक्षेहून वाचनाच्या मदतीची गरज असते. पालकांशी बोलतानाही हीच नोंद कामी येते. ‘तो उद्धट आहे’ म्हटले की पालक बचावात्मक होतात. ‘मंगळवारी तिसऱ्या तासाला असे घडले’ म्हटले की बोलणे पुढे सरकते. मात्र पालकांना पहिला निरोप तक्रारीचा नसावा.

मारामारी, शस्त्र किंवा सततची दादागिरी ही प्रकरणे वर्गशिक्षकाने एकट्याने अंगावर न घेता मुख्याध्यापकांकडे न्यावीत. दादागिरीत त्रास देणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणे टाळावे. सोसणारा त्या वेळी खरे बोलत नाही आणि नंतर त्याचे हाल वाढतात. काही दिवसांसाठी निलंबन करायचे असेल, तर आरोप काय आहे ते मुलाला सांगून त्याची बाजू ऐकून घ्यावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये तेथील सार्वजनिक शाळांना हे बंधनकारक केले. जेथे तसा निकाल नाही तेथेही ही रीत सोडू नये.

निलंबन संपवून मूल परत येते त्या सकाळी वर्ग भरण्यापूर्वी पाच मिनिटे त्याला भेटावे, बुडालेला अभ्यास हाती द्यावा, जागा दाखवावी, आणि हजेरी घेताना त्याचे नाव इतरांच्या नावासारखेच, त्याच आवाजात घ्यावे.