हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल? 'ऐतिहासिक'चं इंग्रजी करताना कसं ठरवायचं

मी सांगलीत डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, कार्यक्रमांची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असलं सगळं, आणि हल्ली बरेच जण मराठीच्या खाली इंग्रजी पण मागतात त्यामुळं ते भाषांतरही माझ्याच गळ्यात येतं. काही वर्षांपूर्वी एका हौशी नाट्यमंडळाचं निमंत्रण आलेलं, संभाजी महाराजांवरचं नवीन नाटक, मराठीत होतं 'ऐतिहासिक नाटक' आणि मी खाली इंग्रजीत टाकलं 'हिस्टॉरिक प्ले'. 300 कार्डं छापून झाली. मग पुण्याहून येणार होत्या त्या पाहुण्या बाईंचा फोन आला, इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेलं त्यांचं, त्यांनी अगदी शांतपणे विचारलं की अगं, पहिलाच प्रयोग आहे ना हा, मग नाटकानं इतिहास घडवला कधी? मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा 300 च्या 300 कार्डं स्वतःच्या खर्चानं परत छापून दिली, आणि तेव्हापासून हे दोन शब्द कुठंही दिसले की थांबून बघते.

मुळात घोटाळा होतो कारण आपल्याकडं शब्द एकच आहे. ऐतिहासिक विजय, ऐतिहासिक कादंबरी, ऐतिहासिक कागदपत्रं, कानाला काहीच खटकत नाही, काय म्हणायचंय ते संदर्भावरनं कळतं. इंग्रजीत मात्र याचे दोन कप्पे आहेत. पूर्वी तिकडं पण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालायचे, वेगळे अर्थ हळूहळू बसत गेले, पण आता ते बसलेत आणि वाचणाऱ्याला फरक जाणवतो.

हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासाबद्दलचं, इतिहासातलं, जुन्या काळाशी संबंध असलेलं. ती गोष्ट मोठी होती का किरकोळ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उद्या मिरजेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या किराणा दुकानाची उधारीची वही सापडली, तर ती हिस्टॉरिकल डॉक्युमेंट, भले त्यात गूळ किती आणि तेल किती एवढंच असेना. हिस्टॉरिक म्हणजे ज्याच्यामुळं काहीतरी बदललं, ज्याची इतिहासाला दखल घ्यावी लागते.

आता ठरवायचं कसं. माझी पद्धत अशी की इंग्रजीकडं जायच्या आधी मराठीतच काम उरकून घ्यायचं. वाक्यातला 'ऐतिहासिक' काढा, त्या जागी एकदा 'इतिहासाबद्दलचं' किंवा 'जुन्या काळातलं' घालून बघा आणि एकदा 'इतिहास घडवणारं' घालून बघा. पहिलं बसलं तर हिस्टॉरिकल, दुसरं बसलं तर हिस्टॉरिक. इतिहासाबद्दलची कादंबरी बसतं, म्हणून हिस्टॉरिकल नॉव्हेल. इतिहास घडवणारा विजय बसतं, म्हणून हिस्टॉरिक व्हिक्टरी. त्या दिवशी माझ्या निमंत्रणाला ही कसोटी लावली असती तर इतिहासाबद्दलचं नाटक, एवढं सोपं होतं.

ज्याला हा फरक कायमचा डोक्यात बसवायचाय त्यानं एक तारीख लक्षात ठेवावी, 5 नोव्हेंबर 1843. याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी संस्थानिक आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं, मराठी रंगभूमी दिन आपण त्याच तारखेला करतो. आता बघा, सीतास्वयंवर हे नाटक पौराणिक, रामायणातलं, म्हणजे त्याला हिस्टॉरिकल प्ले म्हणता यायचं नाही. पण तो प्रयोग? तिथनं मराठी नाटकाची वाट सुरू झाली, तो प्रयोग शंभर टक्के हिस्टॉरिक. आणि माझ्याकडं आलेलं ते संभाजी महाराजांचं नाटक बरोबर उलटं, विषय इतिहासातला म्हणून हिस्टॉरिकल, पण प्रयोग अजून व्हायचाच होता. म्हणजे एक शब्द विषय बघतो आणि दुसरा परिणाम बघतो. त्या बाईंना मी नंतर हे उदाहरण सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे तुझ्या गावातलंच होतं की.

हिस्टॉरिकलचा अजून एक बारीक अर्थ आहे जो नाटकवाल्यांना फार लागतो, तो म्हणजे खरोखर होऊन गेलेला. नाटकात संभाजी महाराज आहेत, कवी कलश आहेत, ही हिस्टॉरिकल कॅरेक्टर्स, आणि लेखकानं मनानं घातलेली एखादी दासी असेल तर ती नाही. माणसाबद्दल बोलताना हिस्टॉरिकल फिगर म्हणजे इतिहासात खरंच झालेला माणूस, आणि हिस्टॉरिक फिगर म्हणजे ज्यानं इतिहासावर ठसा उमटवला. क्रांतिसिंह नाना पाटलांना दोन्ही लागू पडतं, पण सांगताना तुमचा जोर कशावर आहे ते बघून शब्द घ्यायचा. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ त्यांच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं रेल्वे लुटली ती घटना हिस्टॉरिक, आणि त्या काळातली पोलिसांची जुनी कागदपत्रं चाळायची असतील तर ती हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स.

अजून एक गैरसमज काढून टाका, की हिस्टॉरिक म्हणजे काहीतरी चांगलंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका, आणि 2005 चा पूर बघितलेल्या लोकांनीही असलं पाणी बघितलं नव्हतं. आम्ही पण सामान उचलून नातेवाइकांकडं गेलो होतो, मोबाईलवर दर तासाला फूट आणि इंच बघत बसायचो. त्या पुराला हिस्टॉरिक फ्लड म्हणता येतं, यात कौतुक काही नाही, फक्त एवढंच की सांगली तो पूर विसरणार नाही. आणि दरवर्षी पावसाळ्यात जुन्या पातळ्यांचे आकडे काढून तुलना करतात, तो हिस्टॉरिकल डेटा. आकड्यांच्या बाबतीत तर हे पाठच करून टाका, हळदीला आजवरचा सगळ्यात जास्त दर मिळाला तर तो हिस्टॉरिक हाय, आणि मागच्या दहा वर्षांचे मार्केट यार्डातले दर लिहायचे असतील तर हिस्टॉरिकल प्रायसेस.

जिथं खरंच अडायला होतं ती जागा म्हणजे इमारती आणि किल्ले. साताऱ्याचा अजिंक्यतारा जुना पण आहे आणि महत्त्वाचा पण आहे, 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, मग लिहायचं काय? अशा ठिकाणी इंग्रजीत हिस्टॉरिक फोर्ट, हिस्टॉरिक बिल्डिंग हेच रुळलेलं आहे, कारण ती वास्तू महत्त्वाची म्हणूनच तुम्ही तिच्याबद्दल लिहिताय. हिस्टॉरिकल लिहिलेलंही पुष्कळ ठिकाणी दिसतं, त्याला एकदम चूक म्हणता येत नाही. पण बोर्ड तुमच्या हातात असेल तर हिस्टॉरिक घ्या.

याच घरातली अजून एक जोडी आहे, क्लासिक आणि क्लासिकल, आणि तिथं पण आपला 'अभिजात' दोन्हीकडं पळतो. 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा अभिनंदनाचे बॅनर करून घ्यायला रांग लागली होती माझ्याकडं, त्यातल्या काहींनी इंग्रजी लिहून आणलेलं 'क्लासिक लँग्वेज'. तो दर्जा क्लासिकल लँग्वेजचा आहे. मिरजेत ज्याच्यासाठी तंबोरे आणि सतारी बनतात ते क्लासिकल म्युझिक. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला अव्वल नमुना, शेवटच्या बॉलवर सुटलेली मॅच क्लासिक. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलमध्ये तेवढा त्रास नाही कारण तिथं मराठीच मदतीला येते, आर्थिक असेल तर इकॉनॉमिक, परवडणारं किंवा काटकसरीचं असेल तर इकॉनॉमिकल, जास्त ॲव्हरेज देणारी गाडी इकॉनॉमिकल.

राहिलं ते 'अ' लावायचं का 'ॲन'. 'ह' स्वच्छ उच्चारता ना, मग 'अ हिस्टॉरिक डे'. 'ॲन' लावलेलंही जुन्या धाटणीच्या इंग्रजीत सापडतं, त्याला खोडायला जाऊ नका, पण आपण लिहिताना 'अ' लिहावं. माझ्याकडं निमंत्रणाचं प्रूफ आलं की मी आता मराठीतल्या प्रत्येक 'ऐतिहासिक'भोवती पेन्सिलीनं गोल करते आणि बाजूला 'बद्दलचं' किंवा 'घडवणारं' यातलं एक लिहिते, इंग्रजी ओळ त्यानंतरच टाईप करते.