हेवी लायसनच्या क्लासला पैसे भरताय? या चुका टाळा

नाशिकमधल्या आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बसतो. नवा ड्रायव्हर ठेवायचा असला की ट्रायल घ्यायचं काम माझ्याकडे. ट्रायल म्हणजे फार काही नाही. दहा टायरी गाडी, मागे भिंत, बाजूला दुसरी गाडी उभी, आणि मध्ये बॅक घेऊन लावायची. गेल्या पावसाळ्यात दिंडोरीकडचा एक पोरगा आला. लायसन नवं कोरं. चार वेळा पुढे-मागे करून झालं, मग ब्रेक लावून खालीच उतरला. "काका, क्लासमध्ये बॅक घ्यायला कधी दिलंच नाही," म्हणाला. वडिलांनी टोमॅटोचे पैसे हातात आले तसे क्लासला नेऊन दिले होते. पावती दाखव म्हटलं तर पाकिटातून वहीचं घडी घातलेलं पान निघालं. त्यावर "हेवी, पूर्ण जमा" आणि खाली गिचमिड सही. क्लासचं नाव नाही, तारीख नाही.

पोरगा कामाचा होता. घोळ पैसे भरताना झाला होता, आणि बहुतेकांचा तिथेच होतो. आपण क्लासमध्ये शिरतो आणि विचारतो, "हेवीचं सगळं मिळून किती?" समोरचा एक आकडा सांगतो, आपण त्यातून हजार-दोन हजार पाडून घेतो आणि खूश होतो. विचारायचं असतं ते वेगळंच: माझ्या हातात स्टेअरिंग किती तास? तासाभराच्या बॅचला गाडीत चार पोरं असतील तर वाट्याला पंधरा मिनिटं येतात. महिनाभर एकही खाडा न करता गेलात तरी हिशेब साडेसात तासांचा. सरकारमान्य ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरसाठी २०२१च्या नियमांत मध्यम आणि अवजड वाहनांचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा धरलाय, धडे आणि प्रत्यक्ष चालवणं मिळून. आपला क्लास त्यातला किती देतो, हे पैसे देण्याआधी तोंडावर विचारा.

आणि याची नोंद असते बरं का. प्रत्येक परवानाधारक क्लासला फॉर्म १४ मध्ये विद्यार्थ्यांचं रजिस्टर आणि फॉर्म १५ मध्ये कोणी किती तास गाडी चालवली त्याचं रजिस्टर ठेवावं लागतं. ट्रान्सपोर्टच्या लायसनला फॉर्म ५चं सर्टिफिकेट लागतं, ते याच नोंदींवरून द्यायचं असतं. "इथे सह्या करून टाक, बाकी आम्ही भरतो" असं कोणी म्हणालं तर पेन खाली ठेवा. न चालवलेल्या तासांवर तुमची सही गेली की नंतर भांडायला काही उरत नाही.

गाडी कोणती, हेही बघून घ्या. जुन्या सहा टायरी रिकाम्या गाडीवर शिकून थेट भरलेल्या बारा टायरीवर बसलात की पहिला कसारा घाटच परीक्षा घेतो. उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि धरायचे थांबतात. खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) उतरायचं असतं. हवेचं प्रेशर कधी बघायचं, धूर साफ करायला लागणारा युरिया कुठे टाकायचा, हे ज्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही तिथे फी स्वस्त असली तरी महागच.

एकदम सगळे पैसे देऊ नका. थोडे नाव घालताना, थोडे ठरलेले निम्मे तास झाल्यावर, बाकीचे फॉर्म ५ हातात आल्यावर. क्लासवाला चांगला असेल तर कुरकुर करेल, पण ऐकेल. आरटीओची फी वेगळी लिहून घ्या. केंद्राच्या नियमांत लर्निंगला १५० रुपये, चाचणीला ३००, लायसनवर नवा वर्ग चढवायला ५०० अशी मूळ फी आहे. ती सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, स्वतः भरता येते आणि पावतीही निघते. "आरटीओचा खर्च" म्हणून त्याच्या कितीतरी पट मागितलं तर कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता ज्यांनी अजून पैसे भरलेच नाहीत त्यांच्यासाठी. वय २० पूर्ण आहे का? आणि हलक्या वाहनाचं पक्कं लायसन मिळून वर्ष झालंय का? हे नसेल तर हेवीचं लर्निंगच निघत नाही, आणि "भरून ठेव, करून देतो" म्हणणाऱ्याकडे पैसे अडकतात. दुसरं म्हणजे तुम्हाला खरंच हेवी हवंय का? पिंपळगावहून पिकअपमध्ये द्राक्षं किंवा छोटा हत्तीत भाजी न्यायची असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं स्पष्ट केलंय, की मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते. तेवढ्यासाठी हेवीचा खर्च करणारे मी पाहिलेत. उलट ज्यांना मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून टँकर चालवायचाय, त्यांनी हेवीच्या पुढचाही खर्च धरावा. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग आणि लायसनवर तशी नोंद लागते.

कर्जाबद्दल थोडं. बँकांकडे कौशल्य कर्ज नावाची योजना आहे, पण ते मान्यताप्राप्त कौशल्य अभ्यासक्रमालाच मिळतं. गल्लीतल्या क्लासच्या पावतीवर बँक काही देणार नाही. म्हणून क्लास निवडण्याआधी बँकेत विचारा. आदिवासी कुटुंबातल्या मुलांनी जुन्या आग्रा रोडवरच्या आदिवासी विकास भवनात चौकशी करावी. घरातलं सोनं ठेवूनच भरायचं असेल तर एक लक्षात घ्या: लायसन मिळालं म्हणून कोणी लगेच मोठी गाडी हातात देत नाही. पहिलं वर्ष किन्नर (गाडीवरचा क्लीनर) किंवा सेकंड ड्रायव्हर म्हणून जातं आणि हप्ता त्या पगारातून जायचा असतो.

शेठनं क्लासचे पैसे भरले तर ती उचल असते. किती उचल, महिन्याला किती कापणार, मध्येच सोडलं तर काय, हे दोघांच्या सहीनं कागदावर घ्या. आणि लायसन ओरिजिनल त्याच्याकडे ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या.

त्या दिंडोरीच्या पोराला आम्ही किन्नर म्हणून ठेवून घेतला. संध्याकाळी गाड्या खाली झाल्या की आमचा एक जुना ड्रायव्हर त्याला बॅक शिकवतो. उचल त्यानं घेतली नाही. वडिलांचे टोमॅटोचे पैसे आधी फेडायचेत म्हणाला.