एच-४ की एफ-१? नवरा अमेरिकेत असेल तर कुठला व्हिसा घ्यायचा

मुलगा एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत, मुलगी इंजिनिअर, पुण्यात चांगली नोकरी चालू, आणि लग्न ठरलं की घरात लगेच विषय निघतो की एच-४ म्हणजे स्पाऊस व्हिसा घेऊन लगेच जायचं की एमएसला ॲडमिशन घेऊन एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर जायचं. बहुतेक घरी "आधी जा तर खरं, तिकडे गेल्यावर बघू" असंच म्हणतात. मीही तशीच गेले, आणि जे जायच्या आधी कळायला हवं होतं ते दीड वर्ष घरी बसल्यावर कळलं, म्हणून एकेक पायरी नीट लिहितेय.

पायरी १: नवऱ्याला विचारा, आय-१४० अप्रूव्ह झालंय का?

सगळ्यात आधी हेच विचारायचं, लग्नाआधी विचारलं तरी काही चुकीचं नाही. आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डसाठी त्याच्या कंपनीने भरलेली पिटिशन. ती अप्रूव्ह असेल तर एच-४ वर तुम्हाला ईएडी म्हणजे वर्क परमिट मागता येतं, हा नियम मे २०१५ पासून आहे, आणि एकदा ईएडी हातात आलं की कुठल्याही कंपनीत नोकरी करा, पार्ट टाइम करा, स्वतःचा बिझनेस करा, सगळं चालतं. पण आय-१४० अप्रूव्ह नसेल तर सहसा एच-४ वर नोकरी नाही, पगारी इंटर्नशिप नाही, युनिव्हर्सिटीतली असिस्टंटशिपसुद्धा नाही. नवऱ्याने नुकतीच कंपनी जॉइन केली असेल आणि ग्रीन कार्डचं काहीच सुरू नसेल तर ईएडी हातात यायला काही वर्षं जाऊ शकतात हे धरूनच चाला.

ज्यांच्याकडे ईएडी आहे त्यांच्यासाठी एक, ३० ऑक्टोबर २०२५ पासून रिन्युअलचा अर्ज भरल्यावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झालीय, त्यामुळे संपायच्या १८० दिवस आधी खिडकी उघडते त्याच आठवड्यात अर्ज टाका.

पायरी २: शिकायला एफ-१ लागतोच असं नाही

हे खूप जणींना माहीतच नसतं. एच-४ वर तुम्ही पूर्ण डिग्री करू शकता, फुल टाइम किंवा पार्ट टाइम. उलट बऱ्याच राज्यांत सरकारी युनिव्हर्सिटी एच-४ वाल्यांना राज्यातले रहिवासी धरून इन-स्टेट फी लावते, आणि एफ-१ वाल्यांना सहसा बाहेरची फी भरावी लागते, हा फरक एमएसच्या दोन वर्षांत इतका मोठा होतो की लोन घ्यायचं की नाही हेच त्यावर ठरतं. युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर मागवा, नातेवाईकांच्या सांगण्यावर जाऊ नका. घरात लहान मूल असेल तर एका सेमिस्टरला एकच विषय घ्यायची मुभा एच-४ वर असते, एफ-१ वर फुल टाइम सक्तीचं.

पायरी ३: मग एफ-१ कशासाठी?

नोकरीसाठी. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सीपीटीवर (कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी) इंटर्नशिप करता येते, डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी (शिकलेल्या विषयात नोकरी करायची परवानगी) आणि स्टेम म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सची डिग्री असेल तर अजून २४, म्हणजे एकूण तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या नावावर काम करू शकता.

आणि दुसरं कारण, जे घरात कोणी बोलत नाही. एच-४ पूर्णपणे नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली तर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि तेच ६० दिवस तुमचेही. घटस्फोट झाला तर तुमचा एच-४ तिथेच संपतो. एफ-१ तुमचा स्वतःचा असतो. हे लग्न मोडायचा विचार करणं नाहीये, लेऑफच्या काळात घरातल्या एकाचं तरी स्टेटस शाबूत असणं म्हणजे काय ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना विचारा.

पायरी ४: मधला रस्ता

मला विचाराल तर आय-१४० नसलेल्यांनी याचा विचार नक्की करा. एच-४ वर जा, इन-स्टेट फी मिळत असेल तर त्यावर फुल टाइम डिग्री सुरू करा आणि मग आय-५३९ फॉर्म भरून एफ-१ ला स्टेटस बदला. ओपीटीसाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल टाइम शिकलेलं लागतं, ते एच-४ वर शिकलेलं असलं तरी धरलं जातं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. अर्जाला महिनोन्महिने लागू शकतात, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरपर्यंत थांबू नका, युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आधीच तारखा मांडून घ्या. आणि अर्ज पेंडिंग असताना बहिणीच्या लग्नाला म्हणून भारतात आलात तर तो अर्ज तुम्ही सोडून दिला असं धरतात.

पायरी ५: मुंबईत इंटरव्ह्यू

बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये एच-४ चा इंटरव्ह्यू बहुतेक वेळा लग्न खरं आहे ना एवढ्यावरच असतो. एफ-१ ला मात्र शिकून परत येणार हे पटवावं लागतं, आणि नवरा तिकडे, त्याचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये, असं असेल तर ते अवघड जातं. म्हणून काही एजंट "डीएस-१६० मध्ये नवऱ्याचं लिहू नका" असं सांगतात (डीएस-१६० म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म). अजिबात ऐकू नका. खोटी माहिती पकडली गेली तर अमेरिकेचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. खरं सांगा, कोर्स का निवडला ते नीट सांगा, आणि नवऱ्याचा पगार फंडिंगमध्ये दाखवला तरी चालतो.

पायरी ६: कागद आणि पैसे

एच-४ ला मॅरेज सर्टिफिकेट (लग्न झाल्या झाल्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करून टाका), नवऱ्याचं आय-७९७ (एच-१बी मंजूर झाल्याचं पत्र), त्याच्या पे स्लिप, लग्नाचे फोटो, आणि फी २०५ डॉलर. एफ-१ ला आय-२० (ॲडमिशन मिळाल्यावर युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म), पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा, १८५ डॉलर व्हिसा फी आणि वर ३५० डॉलर सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची.

पोहोचल्यावर त्याच दिवशी ऑनलाइन आय-९४ (अमेरिकेत कुठल्या तारखेपर्यंत राहता येईल त्याची नोंद) काढून तारीख बघा. पासपोर्ट लवकर संपत असेल तर बऱ्याचदा तिथपर्यंतचीच तारीख देतात. आणि नवऱ्याची कंपनी त्याचा एच-१बी वाढवते तेव्हा तुमचा एच-४ आपोआप वाढत नाही, त्याचा आय-५३९ वेगळा भरावा लागतो. माझ्या ओळखीत एकीचा भरायचा राहून गेला होता, कंपनीने भरला असेल असं दोघांनाही वाटत होतं. तुमची तारीख तुम्हीच फोनमध्ये टाकून ठेवा, सहा महिने आधीचा अलार्म लावून.