कांजी गिरवायचा कागद घरीच छापताना

आधी फॉन्ट बघा, चौकटी नंतर. एकच कांजी (जपानीत वापरलं जाणारं चिनी मूळचं अक्षर) चिनी आणि जपानी फॉन्टमध्ये थोडी वेगळी दिसू शकते. ‘हाड’ या अर्थाच्या कांजीतला वरचा छोटा कोपरा चिनी फॉन्टमध्ये डावीकडे असतो, जपानीत उजवीकडे. चुकीचा फॉन्ट घेतलात तर हात चुकीच्याच वळणाला सरावतो. छापील पुस्तकांचा मिन्चो फॉन्टही गिरवायला नको. त्याची टोकं हाताने कोणी काढत नाही. शाळेच्या पुस्तकांतला क्योकाशो धाटणीचा फॉन्ट घ्या, किंवा गूगल फॉन्ट्सवरचा फुकट ‘क्ली वन’.

ए-फोर कागदावर २ सेंटिमीटरच्या चौकटी, एका ओळीत ८. प्रत्येकीत तुटक रेघांची फुली अधिक चिन्हासारखी, म्हणजे कोणता भाग किती जागा घेतो ते कळतं. पहिलं अक्षर काळं, पुढची तीन फिकट राखाडी, बाकी चौकटी रिकाम्या. (सगळी ओळ राखाडी ठेवली की डोकं न वापरता हात चालतो.) रेघांचा क्रम हवा तर ‘कांजी व्हीजी’ (KanjiVG) या ऑनलाइन प्रकल्पाच्या मोफत चित्रांमधून घ्या.

छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा, नाहीतर चौकटी आक्रसतात. सुरुवात जपानी पहिलीच्या ८० कांजींपासून करा.