लकव्याचा झटका ओळखायचा कसा?

लकव्यात बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, हीच खरी अडचण. हातातला कप निसटतो, बोलणं अडखळतं, आणि "जरा पडतो, बरं वाटेल" म्हणत माणूस आडवा होतो. उपचाराची वेळ तिथेच निघून जाते.

शंका आली की आधी दात दिसतील असं हसायला सांगा. ओठांचा एक कोपरा खालीच राहतो का, बघा. मग डोळे मिटून दोन्ही हात समोर सरळ धरायला लावा, तळवे वर, आणि १० अंक मोजा. हात धपकन पडेल याची वाट पाहू नका. एक हात हळूहळू खाली येतो, तळवा आत वळतो, तेवढं पुरे. डोळे मिटायचे कारण उघड्या डोळ्यांनी माणूस घसरणारा हात सावरून घेतो. शेवटी एखादं साधं वाक्य म्हणवून घ्या. जीभ जड वाटली किंवा भलतेच शब्द आले, दोन्ही वाईटच.

तिन्हींत एक जरी चुकलं तरी लगेच रुग्णवाहिका बोलवा. अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं, हे या चाचणीत सापडत नाही. त्यालाही तीच घाई.

माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर वेळ झोपायला गेल्यापासून धरायची. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळी घालून गुठळी काढता येते, म्हणून उशीर झाला तरी निघाच.

घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि रक्तस्रावात ती गोळी घात करते. पाणीही नको, गिळणं बिघडलेलं असू शकतं. घोट फुप्फुसात जाऊ शकतो. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर तपासा, कारण ती फार उतरली की हुबेहूब असंच दिसतं. मात्र त्यापायी निघायला उशीर नको.

आणि १० मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका. अशा झटक्यानंतर मोठा लकवा येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो.